पाठीवरची तिरकी काडी

मी एक जुनी टोपली आहे. लव्हाळ्याची, ओंजळीत मावेल एवढी. गोझो बेटावरच्या बाजारचौकात सावेरचे दुकान आहे. तिथे दारासमोरच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी आहे, ‘विक्रीसाठी नाही’. मित्रांनो, हा माझा मोठा मान आहे असे तुम्हाला वाटेल. बोटीतून उतरून खरेदीला येणाऱ्या सगळ्यांनाच तसे वाटते. पण माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. माझा जन्म दूध गाळण्यासाठी झाला आणि माझा उपयोग झाला लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी.

मला स्कोलास्टिकाने विणले. ती तेव्हा नवी नवरी होती. ओढ्याकाठचे लव्हाळे तिने स्वतः कापले, सावलीत वाळवले, मग भिजवून मऊ केले आणि ती अंगणात विणायला बसली. ती डावखुरी होती. माझे बूड विणताना तिची एक काडी दोन काड्यांवरून तिरकी गेली. शेजारी बसलेल्या तिच्या सासूने, जाकबिनाने, ते लगेच हेरले.

“बाई गं, एक तर डाव्या हाताने विणतेस आणि वर चुकतेस! उसव ते.”

“सासूबाई, तिकडे दूध साकळलंय. मी उसवत बसले तर ते थांबणार आहे का?”

“जिभेला मात्र उजवं-डावं काही नाही हिच्या,” जाकबिना म्हणाली आणि हसली. चूक तशीच राहिली. पुढे स्कोलास्टिकाने कितीतरी टोपल्या विणल्या. तिच्या डाव्या हाताला तेच वळण पडले होते, त्यामुळे प्रत्येकीच्या बुडाशी ती तिरकी काडी आलीच. पण सगळ्यांत थोरली मी.

रोज पहाटे मेंढ्यांचे दूध निघे. कोमट दुधात मुरवण घालायचे, साकळले की डावाने अलगद उचलून आमच्यात भरायचे. पाणी आमच्या अंगातून झिरपून जाई आणि आत चीजची मऊ, पांढरी चकती बसे. मग ती उलटायची, मीठ चोळायचे आणि जाळीच्या खिडकीत वाऱ्यावर वाळत ठेवायची. दर चकतीच्या पाठीवर माझी वीण उमटलेली असे आणि त्या विणीत ती तिरकी काडीही.

आमच्याकडे चीज घेताना आधी कोणी चाखून बघत नाही. आधी ते पालथे करतात. प्रत्येक घरची वीण वेगळी, त्यामुळे पाठ बघितली की घर कळते. स्कोलास्टिका चौकात बसली की बायका चकती उचलत, उलटत, तिरक्या काडीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, “डावरीचं आहे, घे डोळे झाकून.” डावरी हे तिचे नावच पडले होते. मला त्या वर्षांचा अभिमान वाटे आणि आजही वाटतो.

मग एक दिवस सावेर घरी आला. सावेर हा तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. लहानपणी तिच्याच हातची ताजी चकती पावावर चुरून खात तो वाढला होता. चौकात त्याने नुकतेच दुकान थाटले होते. केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, उन्हात वाळवलेले टोमॅटो, मध, मिठागरातले मीठ, विणलेल्या जाळीचे रुमाल असे सगळे त्यात होते.

“मावशी, तुझी एक टोपली दे ना. दुकानात लावीन. तुझी आठवण राहील.”

“मी काय मेले का रे, आठवण ठेवायला?” असे म्हणत तिने मला खुंटीवरून काढले. सगळ्यांत थोरली म्हणून मलाच काढले. माझे बूड कमरेच्या फडक्याने पुसले आणि मला त्याच्या हातात ठेवले. तिने बदल्यात काहीही घेतले नाही.

मी थेट दुकानात गेले नाही. सावेरने मला आधी एका कारखान्यात नेले. तिथे माझ्या पोटात पांढरा लगदा ओतला आणि तो घट्ट झाल्यावर ओढून काढला. माझ्या अंगाची सालटी निघाली. त्या ठशावरून प्लास्टिकचे साचे पडू लागले, हजारांनी. माझी काडी न् काडी त्यांत उतरली होती, तिरकीसुद्धा. पुढे त्या साच्यांत परदेशी भुकटीचे दूध साकळले आणि त्या चकत्यांवर चिठ्ठी लागली, ‘गावची, मेंढीच्या दुधाची, हातची’. त्या चकत्यांच्या वर मला टांगले. मी साक्षीदार म्हणून टांगलेली होते, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

बोटीने येणारे पाहुणे भरभरून घेऊन जात. ते बिचारे काय जाणणार? पण आमच्या बेटावरच्या बायकांना एका घासात कळले. त्या कानाकोपऱ्यात कुजबुजू लागल्या की तिरक्या काडीचे चीज म्हणजे भुकटीचे. स्कोलास्टिकाच्या कानावर मात्र हे कोणी घातले नाही.

चौकात चीज विकायला बसायचा तिचा पाट दुकानाच्या बरोबर समोर असे, त्यामुळे तो शनिवार मी डोळ्यांनी पाहिला. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई वारली होती आणि त्या बाईची सून चेत्ता आली होती. तिने चकती उचलली, उलटली आणि तशीच खाली ठेवली.

“काय गं, काय झालं?”

“मावशी, तुम्हीसुद्धा? या वयात तरी लोकांना फसवू नका.”

“फसवते? अगं, आज पहाटे दूध काढलंय मी.”

“मग ही खूण कसली? हीच खूण त्या समोरच्या प्लास्टिकवाल्या मालावर असते.”

“ती माझी खूण आहे! तुझ्या सासूला विचार!”

“सासूबाईंना आता कुठे जाऊन विचारू?” चेत्ता म्हणाली आणि निघून गेली.

स्कोलास्टिका उठली. ती चौक ओलांडून दुकानात आली, तिने सावेरच्या मालातली एक चकती उचलली आणि पालथी केली. तिचा अंगठा त्या काडीवर थांबला. मग तिने वर माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ही आता मला पायाखाली तुडवेल. तसे केले असते तर मला बरे वाटले असते.

“माझी टोपली दे सावेर. लोकांना दाखवते, ही वीण कुणाची ते.”

“मावशी, चिडू नकोस गं. भिंत ओकीबोकी दिसेल. त्यापेक्षा तूच इथे येऊन बस ना. दारात खुर्ची टाकतो, विणत बस. पाहुण्यांना आवडतं.”

“भुकटी विकायला मी बसू?”

“बसायचं फक्त. तुला बोलावं लागणार नाही.”

हातातली चकती खाली ठेवून ती निघून गेली. दोन आठवडे तिचा पाट लागला नाही. तिसऱ्या शनिवारी ती आली ती थेट दुकानातच, आणि तिने फडक्यात गुंडाळलेली एक चकती सावेरच्या पुढ्यात ठेवली. सवयीने त्याने ती उलटली. पाठीवरची वीण अगदी सरळ होती, एकही काडी तिरकी नव्हती. तिने उजव्या हाताने विणायला घेतले होते, त्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

“खा,” ती म्हणाली.

सावेरने तुकडा मोडून तोंडात टाकला. क्षणभर त्याचे तोंड हललेच नाही. लहानपणीची चव त्याने ओळखली, हे मला दिसले. मग दारात पाहुणे आले आणि तो मोठ्याने म्हणाला, “चांगलं आहे गं मावशी. पण हे तुझं वाटत नाही.”

ती पाटावर जाऊन बसली. दुपारपर्यंत बायका आल्या, चकत्या उलटून पाहिल्या, कुठल्या घरच्या ते कळेना म्हणून ठेवून गेल्या. खूण ठेवली तर ती लबाड ठरत होती आणि खूण पुसली तर ती कोणीच नव्हती. वसंतात तिने मेंढ्या विकल्या. त्यानंतर तो पाट कधी लागला नाही.

मित्रांनो, परमुलखात जाल, हाताने केलेले काही विकत घ्याल, तेव्हा खूण बघून भुलू नका. ती कोणाच्या हातची आहे ते विचारा आणि जमले तर त्या हाताला भेटून या. टोपल्या जपणारे पुष्कळ आहेत. मला सावेर रोज फडक्याने पुसतो.

कालच एका पाहुणीने माझ्या बुडावर बोट ठेवून विचारले, “अहो, इथे विणताना चुकलंय का?”

“तीच तर अस्सलपणाची खूण, बाईसाहेब,” सावेर म्हणाला आणि त्याने तिला सहा चकत्या बांधून दिल्या.