थोरल्याचा नंबर पहिला

मानवतच्या मोंढ्यात एका आडत दुकानाला पाटी एक आहे, पण आत केबिनी दोन आहेत. डावीकडे थोरले मन्मथअप्पा बसतात, ते सोयाबीन आणि तूर बघतात. उजवीकडे धाकटे शिवप्रकाश, ते कापूस बघतात. दोघं भाऊ एकाच घरात राहतात, एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात आणि कुणाला काय भाव दिला हे एकमेकांना सांगत नाहीत. याला मोंढ्यात एकोपा म्हणतात.

दोघांचे हिशेब एकाच सर्व्हरवर होते, पण दोन वेगळ्या फोल्डरांत. अप्पांचं फोल्डर अप्पांनाच उघडायचं, धाकट्याचं धाकट्यालाच. या दोन कुलपांवर दुकानाची शांतता टिकून होती.

सर्व्हर म्हातारा झाला म्हणून रविवारी नवा आणला. सगळा माल जुन्यावरून नव्यावर हलवायचं काम सुकेशनीकडे होतं. ती परभणीहून येऊन मोंढ्यातल्या अर्ध्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायची. म्हणजे अर्ध्या मोंढ्याची गुपितं तिच्या हातात होती, आणि एकाचं जरी दुसऱ्याला दिसलं असतं तरी दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी दुकानाची पायरी चढू दिली नसती.

म्हणून तिनं काम जपून केलं. नुसतं उचलून चिकटवलं असतं तर कुलपं गळून पडली असती. तिनं जुनी डिस्क काढून नव्या सर्व्हरला जोडली आणि मालक, कुलूप, तारीख, सगळं जसंच्या तसं येईल अशा रीतीनं नक्कल केली. त्याआधी नव्या सर्व्हरवर दोघा भावांची खाती उघडली. तेव्हा अप्पा तिच्या पाठीशी उभे होते.

"सुकेशनीताई, आमचं नाव आधी घाला. थोरला मी हाय."

"बरं अप्पा." तिनं घातलं. थोरल्याचा मान राखायला काय जातं?

शेवटी तिनं सगळं उघडून पाहिलं. उघडलं. तिच्याकडं सगळ्या कुलपांची किल्ली असल्यामुळं ते उघडणारच होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी ती पाथरीला दुसऱ्या कामासाठी परभणीहून पुण्याच्या बसमध्ये बसली. ठरलेली बस बिघडली होती, महामंडळानं दुसरीच लावली होती. बन्सीधर नावाचे एक आजोबा तिकीट नाचवत भांडायला लागले होते.

"आवो, त्या गाडीत पाच नंबर खिडकीला होता! हितं कसा काय मदी आला?"

"तिकिटावर पाच हाय ना?" कंडक्टर म्हणाला. "हा पाच. बसा."

"पर माझं नाव हाय की तिकिटावर!"

"नावाला कोण इचारतंय? सीट नंबरवर असतंय."

सुकेशनीनं आपल्या तिकिटावरचा नंबर पाहिला.

सर्व्हरही तसाच. तो मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, नंबर लिहून ठेवतो. जुना सर्व्हर शिवप्रकाशनं आणला होता, त्यामुळं त्यावर पहिला नंबर धाकट्याचा होता आणि दुसरा अप्पांचा. नव्यावर तिनं मानापानात पहिला नंबर अप्पांना दिला. नक्कल अगदी बिनचूक झाली होती. पहिल्या नंबरचं फोल्डर पहिल्यालाच मिळालं होतं.

म्हणजे धाकट्याचं सगळं अप्पांना उघडत होतं, आणि अप्पांचं धाकट्याला.

तिनं घड्याळ पाहिलं. दुकान उघडून दीड तास झाला होता. तिनं फोन पाहिला. एकही मिस्ड कॉल नव्हता. आणि खरी भीती इथंच होती. स्वतःचं फोल्डर दोघांनाही उघडत नसणार. एरवी माऊस हलला नाही तरी फोन करणारी माणसं. आज दोघंही गप्प.

तिनं अप्पांना फोन लावला. "कॉम्प्युटर चालू केलाय का?" असं विचारावं, तर नसला तर करतील. "करू नका" म्हणावं, तर पळत जाऊन करतील.

"अप्पा, सगळं ठीक ना?"

"लय झ्याक! तुमी आता हिकडं येऊ नका, उगं तरास."

इतक्या प्रेमानं अप्पा तिच्याशी कधीच बोलले नव्हते. ती वाटेत मानवतलाच उतरली.

दुकानात दोन्ही केबिनींची दारं लावलेली. काचेतून दोघंही कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसलेले दिसत होते.

"थोडं काम राहिलंय," ती म्हणाली.

"काय घाई हाय?" अप्पा नजर न हलवता म्हणाले. "च्या घ्या आधी."

पलीकडून शिवप्रकाशचा आवाज आला, "च्या कशाला दादा? ताईला घरी जेवायलाच पाठव की. वहिनीनं पुरणपोळ्या केल्यात."

भाऊ कित्येक वर्षांनी एकमेकांशी इतकं गोड बोलत होते. चहा आला. चहाच्या एका घोटात किती भाव वाचून होतात, याचा सुकेशनी हिशेब करायला लागली. मग तिनं कप ठेवला, खाली वाकली आणि सर्व्हरमधली नेटवर्कची वायर उपटली.

दोन्ही दारं एकदमच उघडली.

"काय झालं?" दोघं एका आवाजात म्हणाले. मग त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनीही पंख्याकडं पाहिलं.

"काही नाही," सुकेशनी म्हणाली.

तिनं फोल्डरांवरच्या मालकांच्या नंबरांची अदलाबदल केली. या खेपेला दोघांच्या नावानं वेगवेगळं आत जाऊन पाहिलं. ज्याचं त्याला उघडलं, दुसऱ्याचं उघडलं नाही. मग वायर लावली.

"आता पैल्यासारखं?" अप्पांनी विचारलं.

"अगदी पहिल्यासारखं."

अप्पांचा चेहरा पडला. शिवप्रकाश तर मयतीला आल्यासारखा उभा होता. पण तक्रार करायची तर आपण काय वाचलं हे आधी सांगावं लागलं असतं. दोघंही मान डोलावून आत गेले.

वाचले, असं म्हणत ती स्टँडवर आली. तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या आडतीतले चंद्रभानशेठ होते.

"ताई, मन्मथअप्पा तुमचं लय कौतुक करायलेत. आमचा बी सर्व्हर बदलून द्या. आमी तिघं भाऊ हाव, थोरला मी."

सुकेशनी शहाणी झाली होती. "शेठ, जुन्यावर पहिला नंबर कुणाचा आहे?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. चंद्रभानशेठ दबक्या आवाजात बोलायला लागले.

"माजा न्हाई. पर तुमी थोरल्याचं नाव आधी घाला. अप्पाकडं घातलं, तसं."