बारा पोत्यांचा श्वास

पाटी: तागाची पोती. कारखान्याची धूळ. पंखा. १९६८.

एर्सिलियाने पाटी वाचली आणि ती दारातच थबकली.

तुरीनमधल्या एका जुन्या गॅरेजात तिच्या लेकाचं, ओत्ताव्हियोचं, पहिलं प्रदर्शन होतं. तासाभरात लोक येणार होते. छताला टांगलेली बारा पोती पंख्याच्या वाऱ्याने फुगत होती, खपाटीला जात होती. फुगत होती. खपाटीला.

शेवटच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याची छाती अशीच चालायची.

"आपल्या गावची आहेत, आई. बाबांच्या कारखान्यातली."

"बटाटे भरतो रे आपण यात. ही बघायला लोक येणार?"

"संगमरवराला कंटाळलेत लोक."

"मग त्यांना आमच्या तळघरात पाठवायचं होतंस. तिथली पोती चहूबाजूंनी बघितली असती."

ओत्ताव्हियो खो खो हसला. तिला हसू फुटेना. झरोक्यातून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात पांढरे, केसाहून बारीक तंतू तरंगत होते. खाली बसायचं नावच घेत नव्हते.

"धुतलीस ना आधी?"

"धुवायची? अगं, ती धूळ हीच तर कलाकृती आहे! रंग नाही, सोंग नाही. खरी धूळ."

खरी.

(त्यांच्या गल्लीतले सहा जण अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या त्या कारखान्यात जायचे. आता गल्लीत सहा विधवा. डॉक्टर म्हणाला, सिगारेट. तिच्या नवऱ्याने, गाउदेन्झिओने, जन्मात सिगारेट ओढली नव्हती.)

तेवढ्यात पोत्यांमागून सून पुढे आली. निव्हेस. सातवा महिना. तोंडात दोरा, हातात दाभण.

"निव्हेस, बाहेर ये."

"एवढा टाका घालते, आई."

"बाहेर ये म्हणते ना!"

एर्सिलियाने पंख्याची वायर उपटली. पोती लोंबकळली. कोपऱ्यात फरशी पुसायची बादली होती. वीस वर्षं नवऱ्याचे कपडे धुऊन तिला एकच गोष्ट कळली होती, तीही फार उशिरा: ही धूळ आधी भिजवायची, मग हात लावायचा. तिने पाणी फेकलं. बादली पुन्हा भरली. पुन्हा फेकलं.

"आई! मारलंस तू त्यांना!"

"मरू देत."

ओत्ताव्हियो मटकन खाली बसला. निव्हेसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नको रे असं करू. नवी शिवीन मी. तीन आठवड्यांचं तर काम."

एर्सिलियाच्या हातात बादली तशीच राहिली.

"कुठे शिवलीस ही?"

"घरीच की. स्वयंपाकघरात." निव्हेस ओशाळून हसली. "बाहेर काय गारठा होता, आई! खिडकीची फटसुद्धा उघडली नाही मी."

या धुळीने मरायला गाउदेन्झिओला बावीस वर्षं लागली होती.

एर्सिलियाने सुनेच्या पोटाकडे बघितलं. बेरीज करायची नाही, असं ठरवलं. आणि केली.