सासूबाईंनी उबवलेलं अपडेट

मागच्या खोलीत अंडी उबवायची पेटी होती आणि ती खोली सासूबाईंना हवी होती. एवढं कळलं की आमच्या घरातलं सगळं राजकारण कळलं.

पेटीतला दिवा कधी लावायचा, अंडी कधी फिरवायची, हे सगळं वर चिकटवलेला पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर बघायचा. माझ्या धाकट्या भावाने तो बसवून दिला होता. आधीच्या खेपा वाया गेल्या, तेव्हा सासूबाईंनी तंबी दिली, "या खेपेला पिल्लं निघाली नाहीत तर पेटी भंगारात आणि माझा पलंग खोलीत."

भाऊ फोनवर दर वेळी विचारायचा, "ताई, अपडेट केलंस? पासवर्ड बदललास? मशीनबरोबर आलेला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो गं!"

यावर आमचे हे म्हणायचे, "चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढायची?" शिवाय दुकानात बसून मोबाइलवर अंडी बघता यावीत म्हणून ह्यांनी ते मशीन इंटरनेटवर मोकाट सोडलेलं. बघून दिसायचं काय? अंडी.

पिल्लं निघायच्या बेतात असताना एका सकाळी पेटी गार लागली. वरचा कॉम्प्युटर मात्र तव्यासारखा तापलेला. भावाने फोनवरून मला दोनचार गोष्टी बघायला लावल्या आणि त्याने कपाळावर हात मारलेला मला इकडे ऐकू आला.

"ताई, कुणीतरी आत शिरलाय. स्वतःची आकडेमोड तुझ्या मशीनकडून करून घेतोय. त्याला दिवा लावायला सवड कुठून मिळणार?"

"म्हणजे वीज आमची खायची आणि धुणीभांडी दुसऱ्याची करायची?" सासूबाई कडाडल्या. चोरापेक्षा त्यांना मशीनचाच जास्त राग आला होता.

"नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही," भाऊ म्हणाला. "शिरलेल्याने कुठे काय लपवलंय, कुणी सांगावं? मशीनमधलं मेमरी कार्ड पुसा, सगळं नव्याने टाका, लगेच अपडेट करा, नवा पासवर्ड द्या आणि ते इंटरनेटवरून आत यायचं दार बंद करा. आणि दाजी, अपडेट चालू असताना वीज घालवू नका. काही म्हणजे काही झालं तरी."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" हे म्हणाले.

तोवर अंड्यांना ऊब कोण देणार? सासूबाई गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या, तिच्यावर पंचा, पंच्यावर अंडी आणि सगळ्यावर शाल.

"लाडाने करत नाहीये हां. भंगारवाला नासकी अंडी घेत नाही, म्हणून."

कार्ड पुसलं, नवं भरलं, अपडेट सुरू झालं. मशीनला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर ओळी सरसर वर जाऊ लागल्या. हे कौतुकाने बघत बसले, मग चहा प्यायला उठले आणि जाता जाता सवयीने भिंतीवरचं बटण बंद करून गेले. ह्यांचं असंच. दिसेल ते बटण बंद करायचं. एकदा पाहुणे आंघोळ करत होते तेव्हा न्हाणीघरातला दिवा घालवलेला.

पडदा काळा. कार्ड बाद. पुन्हा पहिल्यापासून.

"बटणाला चिकटपट्टी लाव," शालीमागून हुकूम आला. "उरली तर ह्याच्या बोटांना."

दुसऱ्या खेपेला ओळी शेवटपर्यंत गेल्या. भावाने सांगितलं, पासवर्ड लांबलचक हवा, कुणाच्या डोक्यात येणार नाही असा. सासूबाईंनी मला जवळ बोलावून कानात एक अख्खं वाक्य सांगितलं. ह्यांच्या लहानपणाबद्दलचं होतं. मी हसू दाबत टाइप केलं.

"मला पण सांगा की!" हे म्हणाले.

"तुला सांगितलं तर दुकानावर पाटी लावशील."

दिवा लागला, पेटी तापली. मी अंडी परत ठेवायला गेले, तर सासूबाई हलेनात.

"थांब गं. हे एक आतून टोचतंय."

शालीच्या घडीत अंड्याला चीर गेली होती आणि चिरेतून इवलीशी चोच बाहेर बघत होती. सासूबाईंनी शाल अलगद बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बाकीची ठेव आत. हळू! आदळू नकोस."

दुसऱ्या दिवशी पेटीत नुसता चिवचिवाट. काही अंडी फुटलीच नाहीत, पण बहुतेक फुटली. सासूबाईंनी मला मोजपट्टी आणायला लावली, पेटीशेजारची जागा मापली आणि म्हणाल्या, "पलंग बसतो की! पेटी राहू दे तिथेच."

आता ह्यांना दुकानातून अंडी दिसत नाहीत, घरी फोन करावा लागतो.

"आई, सगळं ठीक?"

"ठीक आहे. अपडेट चालू आहे. तू घरी येऊ नकोस."