चांगुणाबाईंचा दिल्लीचा पास

मी वांबोरी स्टेशनवरच्या चांगुणाबाईंचा रेल्वेचा पास बोलतोय. हातात धरलंत तर जरा जपून, घडीवर मी विरलोय.

माझा जन्म एकाहत्तरच्या नोव्हेंबरातला. मोठ्या ऑफिसातल्या कारकुनानं खाली कार्बन घालून दाबून लिहिलं, 'स्वतः आणि एक मुलगी. वांबोरी ते दिल्ली आणि परत. तिसरा वर्ग.' वर शिक्का बसला आणि माझा रुबाब वाढला.

चांगुणाबाईंचे मालक रुळांवर काम करायचे. ते गेल्यावर बाईंना स्टेशनवर पाणीवालीची नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर माझ्यासारख्या फुकट प्रवासाच्या पासाचा हक्कही. गाडी थांबली की त्या बादली आणि तांब्या घेऊन डब्यांशी जात. थोरला मुलगा छगन सैन्यात, तेव्हा दिल्लीला होता. 'मनकर्णेला घेऊन ये, लाल किल्ला दाखवतो,' असं त्यानं धाकट्या बहिणीसाठी लिहिलं, म्हणून बाईंनी मला मागवलं. मी आलो आणि आठ दिवसांत लढाई सुरू झाली. छगन सीमेवर गेला, मी पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली.

लढाई संपली तेव्हा बाहेर वाजतगाजत मिरवणूक निघाली. बाईंकडे 'जखमी' एवढीच तार आली होती. पुढे काहीच नाही. पोस्टमनच्या वेळेला मायलेकी रोज दारात येऊन उभ्या राहत.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला सकाळी पेटीचं झाकण धाडकन उघडलं. मॅट्रिकला बसलेली मनकर्णा लुगडी भराभर उपसत होती. छगनचं पत्र आलं होतं. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या जवानाकडून त्यानं ते लिहवून घेतलं होतं. तो दिल्लीच्या लष्करी दवाखान्यात होता आणि एकोणीस तारखेला त्याला लखनौला हलवणार होते. पत्र वाटेतच दहा दिवस रखडलं होतं. माझ्यावर लखनौ लिहिलेलं नव्हतं.

बाई मला घेऊन थेट स्टेशनमास्तरांपुढे उभ्या राहिल्या.

"मास्तर, माजा छगन दिल्लीला हाय. आजच निगते."

रंगनाथ मास्तरांनी मला उजेडात धरलं. "मुदत अजून बारा दिवस आहे. पण चांगुणाबाई, मनमाडला दिल्लीच्या गाडीच्या साध्या डब्यात बायकांना शिरताच येत नाही. राखीव जागाच हवी, आणि लोक ती पंधरा दिवस आधी ठेवतात."

"मंग?"

"विचारतो. पॅसेंजरला अजून तीन तास आहेत."

ते तारयंत्रावर बसले. कडकट्ट, कडकट्ट. माझा नंबर निघाला. मी टेबलावर पडलेलो आणि माझा नंबर राहुरी, कोपरगाव ओलांडून तारेवरून धावत होता. मला तर वाऱ्यावर उडाल्यासारखं वाटलं.

उत्तर आलं: मनमाडच्या वाट्याच्या सगळ्या जागा भरल्या.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तार ठोकली. या वेळी 'जखमी जवानाची आई' हे शब्द घातले. पॅसेंजर आली तरी उत्तर नव्हतं.

"तुम्ही बसा," मास्तर म्हणाले. "काही कळलं तर पुढच्या स्टेशनवर निरोप धाडतो."

राहुरी गेलं. बेलापूर गेलं. बाईंनी मला पदराच्या गाठीत असं घट्ट धरलं होतं की मी घामानं भिजलो. पुणतांब्याला रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला डब्यांच्या कडेनं पळत आला. "वांबोरीच्या चांगुणाबाई कोन हायेत?"

"हितं, हितं हाय," मनकर्णा खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"दोन जागा मिळाल्या. कुणीतरी तिकिटं परत केली. सहाच्या आत मनमाडला पासावर लिहून घ्या, न्हाईतर दुसऱ्याला जातील."

आणि नेमकी येवल्यापुढे गाडी सिग्नलला उभी राहिली. मनकर्णा दर मिनिटाला समोरच्या माणसाचं घड्याळ बघत होती. मनमाड आलं तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती. मायलेकी पूल चढून धावल्या. बाईंची चप्पल तुटली, ती तिथंच राहिली. खिडकीतला बाबू वही मिटत होता.

"हा तर फाटलाय," मला उलगडत तो म्हणाला.

"ल्हेलेलं समदं दिसतंय का न्हाई, ते बगा सायेब."

त्यानं बघितलं. मग डिंकाची बाटली ओढली, माझ्या घडीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पाठीवर ठळक लिहिलं: एकेचाळीस, बेचाळीस. शिक्का इतक्या जोरात बसला की मी सुखानं शहारलो.

अठरा तारखेला सकाळी दवाखान्याच्या लांबलचक खोलीत छगन डाव्या हातानं चहा पीत बसला होता. आईला बघून तो उठला, कप लवंडला.

"आई, मला वाटलं पास संपला असंल."

"धा दिस हायेत अजून," बाई म्हणाल्या, आणि सांडलेला चहा पदरानं पुसू लागल्या.

परतल्यावर त्यांनी मला मास्तरांच्या हाती दिलं. तसा नियमच आहे. आता मी वापरलेल्या पासांच्या गठ्ठ्यात दोरीनं बांधलेला आहे, लवकरच फाडला जाईन. त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या शेजारी काही पास अगदी कोरे परत आलेत, एकदाही घडी न मोडलेले. त्यांना बघवत नाही. तुमच्या पेटीत असा एखादा पडून असेल तर त्याची मुदत बघा, आणि निघा.