मुंगीचा ठेका

मुंगीला खुर्चीवर चार मिनिटं बसवायला बाईंना तीन वर्षं लागली होती. विशेष मुलांच्या त्या वर्गात मुलं सहा, आणि त्यात मुंगी सगळ्यात गप्प. आठ वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही, कुणाकडे मान वर करून बघणं नाही. ती चार मिनिटं बाई जपून होत्या.

आणि हा ढोलकाका! देशोदेशीचे ढोल गाडीत कोंबून मंगळवारी उगवला, मुलांना गोल बसवलं, आणि मुंगी त्या गोलात बावीस मिनिटं बसली. बाईंनी घड्याळ लावून मोजली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काय जादू आहे हो यांच्या हातात!" बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं नाकं पुसली, चावे सोसले, त्याला कुणी जादू म्हटलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारपासून बाई गोलाकडे पाठ करून नोंदवही लिहीत बसू लागल्या. "या ना बाई," काका दर वेळी म्हणायचा. "तुमचं चालू द्या," बाई म्हणायच्या. शिपाईमावशीसुद्धा ढोल पुढ्यात घेऊन बसायची, म्हणून बाई तिच्याशीही तुटक बोलू लागल्या.

महिन्याभरानं मुंगीची आई धावतच वर्गात आली.

"बाई, जेवायच्या टेबलावर वाजवते हो ती! दोन थापा, एक, परत दोन. आणि मग माझ्याकडे बघते. माझ्याकडे! तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंना खरं सांगायचं होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असं विचारत होतं. "हो," त्या म्हणाल्या, "घेतो आम्ही वर्गात."

"मग मी उत्तर काय द्यायचं? तेच परत वाजवलं की माझा हात ढकलते."

आता आली का पंचाईत! बाईंनी आपली नेहमीची रीत ठोकून दिली. "तिचे हात धरा आणि तिच्याकडूनच हळूहळू वाजवून घ्या."

सोमवारी आई परत आली, ती डोळे पुसत. हात धरल्यापासून मुंगीनं टेबलाला बोट लावलं नव्हतं. आईकडे बघणंही बंद.

बाईंना रात्रभर झोप नाही. मंगळवारी आईला बोलावून घेतलं, आणि ढोलकाका गाडीतून ढोल काढत होता तिथं तिला घेऊन गेल्या. सगळं सांगितलं. "मी शिकवलं नव्हतं. खोटं बोलले. काका, जळत होते तुमच्यावर," त्या एका दमात म्हणाल्या.

काकानं ढोल खाली ठेवला. "आमच्या गोलात प्रत्येकाचा एक ठेका असतो, नावासारखा. दोन-एक-दोन म्हणजे मुंगी. ती वाजवते, म्हणजे 'मी मुंगी, तू कोण?' असं विचारते. तिचंच नाव परत तिला सांगून कसं चालेल? ताई, तुम्ही तुमचा ठेका वाजवा. कसलाही, पण तुमचा. आणि हात सोडा तिचे."

"आज करते," आई म्हणाली. बाईंकडे न बघता तिनं एक ढोल उचलला आणि वर्गाकडे निघाली.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. "तुम्हाला बरं जमलं तिला बोलतं करायला," त्या म्हणाल्या. आवाजात अजून थोडी जळजळ होतीच.

"मला कुठलं!" काका म्हणाला. "दुसऱ्या मंगळवारी तिनं तो ठेका पहिल्यांदा वाजवला ना, तो माझ्याकडे बघून नाही. ढोल ओढत ती तुमच्या खुर्चीमागे आली होती. वाजवलं आणि थांबली. पुरी दोन मिनिटं. मी म्हटलं, आता वळतील बाई."