काकांनी काढलेल्या ओळी

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताईनं रांगेचे नंबर पुकारणारा प्रोग्राम लिहिला होता. कोणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा, फक्त खाली आपलं नाव राहावं, एवढीच तिची हौस. वाचनालयाच्या बाई घ्यायला तयार होत्या. म्हणाल्या, "आधी लायसन्स लाव, कोणी कसा वापरायचा त्या अटींचं. आणि ज्याचा ज्याचा हात लागलाय, त्याची सही आण."

हात लागलेला एकच, तिच्या काकांचा. जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. दिसलं की खोडायचं. प्रोग्राममधल्या चाळीस ओळी त्यांनी उडवल्या होत्या.

"तुम्ही लिहिलंय काय? मग सहीसाठी अडून कसले बसता?" ताईनं विचारलं.

"मग घाल परत त्या ओळी."

घातल्या की मशीन दर पेशंटला तीनदा 'माफ करा' म्हणायचं. ताईचं डोकं सटकलं. "जे नाहीच, त्याचे मालक तुम्ही?"

"ती मोकळी जागा माझी." काकांनी चहात बिस्किट बुडवलं. "अट लिही. घ्या, वापरा, वाटा. पण घेणाऱ्यानं एक ओळ काढलीच पाहिजे."

"आणि माझं नाव?"

"ते सोडून. मी काय कसाई आहे?"

अडला हरी. ताईनं तेच लायसन्स लावलं.

वाचनालयानं घंटी काढून टाकली. शिंप्यानं आवाज काढला. चष्मेवाल्यानं आकडेच काढले. जो तो आपला कापलेला प्रोग्राम काकांकडे परत पाठवायचा आणि काका "आता कसा सुटसुटीत झाला" म्हणत तोच सगळ्यांना धाडायचे.

काही महिन्यांनी ताई वाचनालयात गेली. पडदा पांढराफटक, खाली फक्त तिचं नाव. लोक एकमेकांना "शेवटी कोण?" विचारून उभे राहत होते.

"झकास चालतो गं," बाई म्हणाल्या. "आधी सारखा अडकायचा. आता एकदाही नाही."

ताई काही बोलणार, तेवढ्यात मागून सलूनवाला आला. "मलाही हवाय. पण एक ओळ काढायची ना? इथं तर हे नावच उरलंय."

त्याचं बोट नावावर टेकलेलं. ताईनं ते बाजूला सारलं, कीबोर्ड ओढला आणि नावाच्या वर टाइप केलं: माफ करा.

"घ्या," ती म्हणाली. "ही काढा."

तेव्हापासून ती आठवड्याला खास काढण्यासाठी चार-पाच ओळी लिहिते. काका तपासून देतात.