बाहीतली दिव्यदृष्टी

मोठे डॉक्टर वॉर्डात शिरले की मागून वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा घोळका. हा त्याच्या खांद्यावरून डोकावतोय, तो ह्याच्या पायावर पाय देतोय. का? तर मोठे डॉक्टर पेशंटला हात लावत नसत, काही विचारतही नसत. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, डोळे अर्धवट मिटायचे, कपाळाला हात लावायचा आणि आजार सांगून मोकळं व्हायचं!

"पेशंट गोंधळ घालतो, मुलांनो. मी थेट आजाराशी बोलतो."

म्हणे आजाराशी बोलतो! आणि पोरं ते वेदवाक्य समजून वहीत उतरवून घेत.

सात नंबरवर एक म्हातारी होती. जन्मभर शिंप्याकडे काज-बटणं केलेली. नऊ दिवसांत तिला भेटायला चिटपाखरू फिरकलं नव्हतं. रोज पंचवीस माणसं खाटेभोवती उभी राहत, पण तिच्याशी कुणी बोलत नसे. त्या एकटेपणाचा तिला आजारापेक्षा जास्त त्रास होई. म्हणून काल संध्याकाळी शेजारणीला विनवून तिने खाट बदलून घेतली. आठ नंबर खिडकीशी होता, निदान रस्त्यावरची माणसं तरी दिसतील.

आज सकाळी मोठे डॉक्टर आठ नंबरपाशी थांबले. हात कपाळाला गेला. "पित्ताशयात खडे. उद्या ऑपरेशन."

"वा!" घोळका म्हणाला.

म्हातारी धडपडत उठून बसली. "अहो, माझं पित्ताशय बारा वर्षांपूर्वीच काढलंय! मला दम लागतो, चालताना..."

"घाबरल्यात बिचाऱ्या," असं म्हणून डॉक्टर पुढे सरकले.

मागे राहिली ती एकच विद्यार्थिनी. तिने विचारून पोट पाहिलं. जुना व्रण ढळढळीत होता.

"आजी, मग सर असं का म्हणाले?"

"त्यांच्या बाहीत चिठ्ठी असते, बाई. हात वर केला की आत लावलेली दिसते. तुम्ही मागे उभे असता, तुम्हाला नाही दिसायची. आडव्या माणसाला दिसते."

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मुलगी घोळक्यातून वाट काढत पुढे गेली. "सर, जरा बाही दाखवता?"

चिठ्ठी निघाली. सहायक डॉक्टर रोज आदल्या दुपारीच केसपेपरवरून खाटेचा नंबर आणि आजार लिहून देत. नंबर तेच राहिले, माणसं बदलली आणि चमत्कार तोंडावर आपटला. म्हातारीचं ऑपरेशन अर्थातच रद्द झालं.

तेव्हा डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांनो, दिव्यदृष्टी कुणालाच नसते. आजाऱ्याजवळ बसा, विचारा, ऐका, हाताने तपासा. त्या मुलीने स्टूल ओढून आधी नाव विचारलं, तेव्हा म्हातारीला रडू आवरेना. नऊ दिवसांत ते नाव तिला कुणी विचारलंच नव्हतं.